मुरलेल्या रॉक बँडची कॉन्सर्ट फिल्म कशी पाहावी: ठाणे आणि नवी मुंबईतील रसिकांसाठी

चाळीस-पन्नास वर्षे एकत्र वाजवत आलेल्या रॉक बँडची कॉन्सर्ट फिल्म पाहण्यासाठी थोडी तयारी लागते. त्यांची गाणी अनेकांना पाठ असतात आणि ती मोबाइलवर केव्हाही ऐकता येतात. फिल्ममधून मिळते ते निराळे असते. साठी गाठलेली चार-पाच माणसे आपणच विशीत रचलेले गाणे आजच्या गळ्याने, आजच्या बोटांनी आणि एकमेकांकडे कान लावून पुन्हा कसे उभे करतात, हे तिथे अगदी जवळून पाहता येते. आसन कोणते घ्यावे, टीव्हीवरच्या कोणत्या सोयी बंद कराव्यात, नजर कोठे ठेवावी, असे जे जे पुढे सुचवले आहे ते सारे एवढ्यासाठीच की, हे वादक एकमेकांना कसे ऐकतात ते आपल्याला दिसावे आणि ऐकूही यावे.

प्रत्यक्ष कॉन्सर्टला गेलेल्या माणसाला फिल्मची गरज काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टू हा डब्लिनचा बँड वाजवून गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा ठाणे, वाशी, पनवेल इकडच्या पुष्कळ रसिकांनी तो अनुभव घेतला. हजारो लोकांबरोबर एक ओळ गाण्याचा आनंद कोणतीही फिल्म देऊ शकत नाही, हे मान्यच आहे. परंतु आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि मंचापासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला तो पाव सेकंदाहून थोडा अधिक उशिरा पोहोचतो, तर मोठ्या पडद्यावरचे चित्र तत्क्षणी दिसते. मध्ये उभारलेल्या ध्वनिमनोऱ्यांतून जवळचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडतात, म्हणून मंचावरून आलेला आणि मनोऱ्यातून आलेला आवाज एकमेकांशी जुळतात. पण लांबच्या स्टँडमधून पाहणाऱ्याला ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. बोटांची हालचाल तर तेथून दिसतच नाही. फिल्ममध्ये हात आणि त्या हाताने काढलेला सूर एकाच क्षणी भेटतात. गिटारवादकाने ड्रमवादकाकडे टाकलेला कटाक्ष आणि त्यानंतर बदललेली लय यांचा संबंध स्टेडियममध्ये बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तो येथे डोळ्यांसमोर घडतो.

कोणती फिल्म निवडावी

सुरुवात करणाऱ्याने बँडच्या ऐन तारुण्यातील फिल्मपेक्षा उतारवयातील फिल्म आधी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तारुण्यातील फिल्ममध्ये आवेश इतका असतो की त्याखालचे कौशल्य झाकले जाते. वय वाढते तसा आवेश ओसरतो आणि कौशल्य उघडे पडते.

या दृष्टीने मार्टिन स्कॉर्सेसी यांनी रोलिंग स्टोन्सवर केलेली ‘शाइन अ लाइट’ ही २००८ सालची फिल्म मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन. तिचे चित्रीकरण न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये २००६ च्या शरद ऋतूत दोन रात्री झाले. त्या वेळी गायक मिक जॅगर ६३ वर्षांचे, गिटारवादक किथ रिचर्ड्स ६२ वर्षांचे आणि रॉनी वुड ५९ वर्षांचे आणि ड्रमवादक चार्ली वॉट्स ६५ वर्षांचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिओ द जानेरोच्या कोपाकबाना किनाऱ्यावर लाखो लोकांपुढे वाजवलेला हा बँड येथे तीन हजारांहून कमी आसनांच्या जुन्या नाट्यगृहात वाजवतो, आणि त्यामुळे कॅमेरे वादकांच्या इतके जवळ पोहोचतात की रिचर्ड्स यांच्या सुजलेल्या बोटांचे सांधेही दिसतात. छायाचित्रणाचे नेतृत्व रॉबर्ट रिचर्डसन यांच्याकडे होते आणि त्यांच्या हाताखालच्या कॅमेऱ्यांवर एरवी स्वतंत्रपणे मोठे चित्रपट करणारे छायाचित्रकार होते. चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेले, त्यामुळे आता ही फिल्म पाहताना तिला एक वेगळे मोल आले आहे.

दुसरी निवड लेड झेपेलिनच्या ‘सेलिब्रेशन डे’ची करावी. लंडनच्या ओ-टू अरीनामध्ये १० डिसेंबर २००७ रोजी झालेल्या एकाच कार्यक्रमाची ही फिल्म २०१२ मध्ये प्रदर्शित झाली. बँडचे मूळ ड्रमवादक जॉन बॉनम १९८० मध्ये वारले होते आणि त्यांच्या जागी त्यांचा मुलगा जेसन बसला होता. या दोन फिल्मना जोडणारा एक दुवाही आहे. अटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमत एर्तेगुन बीकन थिएटरमध्ये स्टोन्सच्या कार्यक्रमाच्या वेळी मंचामागे पडले आणि त्या दुखापतीतून ते सावरले नाहीत. लंडनचा हा कार्यक्रम त्यांच्याच स्मरणार्थ झाला. एका मागोमाग एक या दोन्ही फिल्म पाहिल्यास हा धागा मनात राहतो.

मुंबईकडच्या प्रेक्षकाला ‘आयर्न मेडन: फ्लाइट ६६६’ विशेष जवळची वाटेल. २००९ ची ही फिल्म निम्मी प्रवासाची आणि निम्मी कॉन्सर्टची आहे. बँडचे गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ विमान चालवत ४५ दिवसांत २३ कार्यक्रम करतात आणि त्या दौऱ्याची सुरुवात १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात होते. त्या मैदानावर उभे राहिलेले काही जण आज ठाण्यात किंवा वाशीत आपल्या शेजारीही राहत असतील.

क्वीनच्या मॉन्ट्रियल येथील नोव्हेंबर १९८१ च्या कार्यक्रमाची फिल्म २०२४ मध्ये आयमॅक्स पडद्यावर आली. बँड तेव्हा वयाने मुरलेला नव्हता, पण त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि पियानोशी त्यांची मैत्री तेथेच घट्ट झाली, एवढ्या कारणासाठीही मराठी माणसाने ती पाहावी. पिंक फ्लॉइडची पाँपेई येथील फिल्म, जी १९७१ मध्ये रिकाम्या प्राचीन रंगमंडलात चित्रित झाली आणि २०२५ मध्ये नव्या ध्वनिमिश्रणासह पुन्हा चित्रपटगृहांत आली, ती मात्र नंतरसाठी राखून ठेवावी. तेथे प्रेक्षकच नाहीत, त्यामुळे गर्दी असलेली फिल्म आधी पाहिलेली असली की गर्दी नसल्याने संगीतात काय बदलते ते उमगते.

आधीची तयारी

तयारी थोडीच करावी. बँडची चार-पाच गाणी मूळ ध्वनिमुद्रणात दोन-तीनदा ऐकावीत आणि त्यांचे शब्द एकदा वाचून काढावेत. इंग्रजी गाण्यांचे शब्द गर्जनेत हरवतात, आणि आपले निम्मे लक्ष शब्द पकडण्यात गेले तर वाजवणाऱ्यांकडे पाहायला उसंत मिळत नाही. गाण्यांचा क्रम मात्र आधी शोधून पाहू नये. ‘शाइन अ लाइट’चा आरंभच मुळी दिग्दर्शकाला गाण्यांची यादी वेळेवर मिळत नाही या ताणावर उभा आहे, आणि यादी ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो ताण जाणवत नाही.

मंचावर कोण कोण आहे, याची माहिती घेणे अधिक उपयोगी पडते. मुरलेल्या बँडबरोबर नेहमी असे काही वादक असतात ज्यांचे नाव पोस्टरवर नसते, पण ज्यांच्यावाचून कार्यक्रम उभा राहत नाही. स्टोन्समध्ये बिल वायमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बँड सोडल्यावर बास गिटार डॅरिल जोन्स वाजवू लागले. ‘शाइन अ लाइट’मध्ये पियानो आणि ऑर्गनवर चक लीव्हेल आहेत, सॅक्सोफोनवर बॉबी कीज, तर सहगायनाला लिसा फिशर आणि बर्नार्ड फाउलर. ही नावे माहीत असली म्हणजे कॅमेरा त्यांच्याकडे क्षणभर वळतो तेव्हा आपण तो क्षण दवडत नाही.

चित्रपटगृहात पाहायची असल्यास

कॉन्सर्ट फिल्म आपल्याकडे बहुधा एक-दोन दिवसच, तेही ठरावीक पडद्यांवर आणि संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या खेळालाच लागते. वर्तमानपत्रात तिची जाहिरात येईलच असे नाही, म्हणून तिकिटांच्या ॲपवर त्या आठवड्याच्या मंगळवार-बुधवारपासून लक्ष ठेवावे. ठाण्यात आणि नवी मुंबईत मॉलमधली चित्रपटगृहे पुष्कळ आहेत. सीवूड्सला तर रेल्वे स्थानकावरच मॉल उभा आहे. एकाच मल्टिप्लेक्समध्ये पडद्यागणिक ध्वनियंत्रणा वेगळी असते, हे ध्यानात ठेवून डॉल्बी ॲटमॉस (छतावरूनही आवाज देणारी ध्वनियंत्रणा) असलेले किंवा निदान मोठे प्रेक्षागृह निवडावे. पडदा थोडा लहान असला तरी चालतो, ध्वनी मात्र उत्तम हवा.

आसन मधल्या रांगांच्या थोडे मागे, म्हणजे पडद्यापासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर आणि शक्यतो अगदी मध्यभागी घ्यावे. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण करणारे तंत्रज्ञ साधारण त्याच जागी बसून आवाजाचा तोल ठरवतात. भिंतीलगतच्या आसनावर बसल्यास बाजूच्या स्पीकरमधून येणारा गर्दीचा कल्लोळ गिटारवर मात करतो, आणि शेवटच्या रांगेत भिंतीमुळे खर्जाचा आवाज गुबगुबीत होऊन बास गिटारचे स्वर एकमेकांत मिसळतात.

मध्यंतराची तयारी मनाने आधीच करावी. या फिल्म मध्यंतर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या नसतात, त्यामुळे आपल्याकडचे मध्यंतर भलत्याच ठिकाणी, कधी दोन गाण्यांमधल्या चढत्या उत्कंठेच्या जागी, पडते. त्या दहा मिनिटांत मोबाइल उघडून संदेश वाचत बसू नये. संगीताने बांधलेली एकाग्रता जाहिरातींनी मोडतेच, तिला आणखी हातभार कशाला लावावा? पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत आणि दिवे मंदावण्याआधी परत यावे.

टाळ्या वाजवाव्यात का, गावे का, उभे राहावे का, याचे उत्तर शेजारच्यांवर अवलंबून आहे. खेळाला काळे टी-शर्ट घातलेली चाहत्यांची टोळी आली असेल तर त्यांच्याबरोबर गाण्यात काही गैर नाही आणि एखाद्या फिल्ममध्ये तोच खरा रंग असतो. पण पडद्यावर एखादा वादक संथ, एकट्याने वाजवत असेल तेव्हा शांत राहावे, आणि पडद्याचे मोबाइलवर चित्रीकरण कधीही करू नये. ते बेकायदा तर आहेच, शिवाय मागच्या रांगेच्या डोळ्यांत तो उजेड टोचतो. लहान मुलांना नेणार असाल तर प्रमाणपत्र पाहून घ्यावे आणि त्यांच्या कानांसाठी फोमचे बोळे खिशात ठेवावेत.

परतीचा विचारही तिकीट काढतानाच करावा. रात्रीचा खेळ संपेपर्यंत बारा वाजत आलेले असतात, म्हणून ट्रान्स-हार्बर मार्गावरची शेवटची लोकल आधी पाहून ठेवावी. रविवारचा दुपारचा खेळ असल्यास मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे हे शनिवारीच पाहावे. शेवटचे गाणे चालू असताना गाडी चुकण्याच्या धास्तीने उठावे लागणे यासारखी चुटपुट दुसरी नाही, आणि या फिल्मचे शेवटचे गाणे बहुधा असे असते की त्यासाठीच माणूस आलेला असतो.

घरी पाहायची असल्यास

बहुतेक जण या फिल्म घरीच पाहतील, आणि घरी त्या बिघडण्याची कारणेही अधिक आहेत, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत मोठी उणीव आवाजाची असते. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. लॅपटॉपचे आणि सडपातळ टीव्हीचे छोटे स्पीकर इतका खालचा स्वर काढूच शकत नाहीत. त्या स्वराचे वरचे अंश तेवढे ऐकू येतात आणि कान उरलेले कल्पनेने भरून घेतो. परिणामी डॅरिल जोन्स किंवा आयर्न मेडनचे स्टीव्ह हॅरिस पडद्यावर दिसतात, पण त्यांचे वजन गाण्यात जाणवत नाही. बँडचा पाया ज्या दोन वाद्यांवर असतो, त्यांतले एक असे अर्धे नाहीसे झाल्यावर एकमेकांना ऐकण्याचा सारा खेळ आपल्यापासून दुरावतो. म्हणून सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) असलेला साउंडबार, जुना पण चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर, किंवा कानावर बसणारा वायरचा हेडफोन, यांपैकी काहीतरी हवेच. मला स्वतःला महागड्या साउंडबारपेक्षा दोन साधे, नीट मांडलेले स्पीकर अधिक समाधान देतात, कारण त्यात डावी गिटार डावीकडे आणि उजवी गिटार उजवीकडे स्वच्छ राहते.

ब्लूटूथ शक्यतो टाळावे. ब्लूटूथवरून आवाज पोहोचण्यास सेकंदाचा एखाद-दुसरा दशांश उशीर लागू शकतो. बोलण्याच्या चित्रपटात टीव्ही आणि ॲप तो बराचसा सावरून घेतात, पण संगीतात उरलेला थोडा फरकही खटकतो. तपासण्याची सोपी रीत अशी की, ड्रमवादक जवळून दिसत असताना काठी स्नेअरच्या, म्हणजे वादकाच्या पुढ्यातल्या खणखणीत आवाजाच्या ड्रमच्या, कातडीला टेकते तो क्षण आणि ‘टक्’ असा आवाज येतो तो क्षण एकच आहे का, हे पाहावे. नसल्यास टीव्हीच्या ध्वनी-विभागातील लिप-सिंकचा (आवाज चित्राशी जुळवण्याचा) आकडा कमी-जास्त करून ते जुळवावे.

त्याच विभागात रात्रीचा मोड, आवाज आपोआप समान राखणारा पर्याय आणि संवाद ठळक करणारा पर्याय, हे तिन्ही बंद करावेत. हे पर्याय मोठा आवाज दाबतात आणि लहान आवाज उचलतात, त्यामुळे एकट्या गिटारवर सुरू होऊन पूर्ण बँडवर उसळणारे गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर ऐकू येते. चित्राच्या विभागातील हालचाल गुळगुळीत करणारा पर्यायही बंद करावा. सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित केलेल्या फिल्ममध्ये टीव्ही आपल्या मनाने मधल्या चौकटी घालतो आणि वेगाने फिरणाऱ्या हातांभोवती धूसर कडा उमटतात.

डिस्क किंवा ओटीटीवर स्टिरिओ (दोन स्पीकर) आणि ५.१ (पाच स्पीकर व एक सबवूफर) असे दोन पर्याय असल्यास, घरी पाच स्पीकर खरोखर मांडलेले असतील तरच ५.१ घ्यावा. ब्लू-रे डिस्कवरील आवाज बहुधा कोणताही अंश न गमावता साठवलेला असतो आणि झांजांच्या लांबत जाणाऱ्या नादात तो फरक लगेच कळतो. एखादी फिल्म वारंवार पाहावीशी वाटली तर डिस्क घ्यावी.

यानंतर शेजाऱ्यांचा प्रश्न येतो, आणि तो हलका समजू नये. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खर्जाचा आवाज भिंतींपेक्षाही स्लॅबमधून दूर जातो, त्यामुळे सबवूफर थेट लादीवर ठेवल्यास खालच्या मजल्यावरच्या माणसाला गाणे ऐकू येत नाही, नुसते धक्के जाणवतात. त्याखाली जाड रबराची चटई घालावी आणि तो कोपऱ्यातून बाहेर ओढावा, म्हणजे धक्केही कमी होतात आणि खोलीतला घुमाराही. घोडबंदर रोडसारख्या वाहत्या रस्त्याकडे खिडक्या असतील तर त्या लावून जाड पडदे ओढावेत. बाहेरचा गोंगाट कमी झाला की आवाज कमी ठेवूनही सारे ऐकू येते. सर्वांत उत्तम वेळ म्हणजे सुट्टीच्या दिवशीची दुपार, चार ते सहा.

हेडफोन वापरणाऱ्याने कानांची काळजी घ्यावी. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९१ डेसिबलला दोन तास, साधारण एका फिल्मएवढे. फिल्म संपल्यावर कानात शीळ घुमत राहिली तर आवाज जास्त होता असे समजावे.

सोसायटीच्या सभागृहात सर्वांना मिळून फिल्म दाखवण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. डिस्क किंवा ओटीटीचे सदस्यत्व घरगुती वापरापुरते असते, सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकांची परवानगी लागते. त्यापेक्षा चार मित्रांना घरी बोलवावे.

नजर कोठे ठेवावी

गायकाकडे पाहण्याचा मोह आवरणे ही पहिली पायरी आहे. कॅमेरा त्याच्याकडे आपोआप जातोच, म्हणून आपण मुद्दाम ड्रमवादकाकडे पाहावे. आपल्या कानाला समेवर येण्याची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर भार देण्याची सवय असते. रॉकमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा घाव पडतो आणि गाण्याची चाल त्या घावावर झुलते. हे दोन घाव पायाने किंवा बोटाने मोजू लागले की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. चार्ली वॉट्स यांच्याकडे पाहताना त्यांचा उजवा हात न्याहाळावा. डावा हात स्नेअरवर पडतो त्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांच्या जोडीवरून, उचललेला असतो, तर बहुतेक ड्रमवादक दोन्ही एकदम वाजवतात. या एवढ्याशा रिकाम्या जागेमुळे स्नेअरचा घाव मोकळा, स्वच्छ ऐकू येतो.

पुढे किथ रिचर्ड्स यांच्या गिटारवर यावे. त्यांच्या अनेक गाण्यांत गिटारला सहाऐवजी पाचच तारा असतात. सर्वांत जाड तार काढून उरलेल्या पाच तारा अशा लावलेल्या असतात की मोकळ्या छेडल्या तरी एक पूर्ण स्वरमेळ निघतो. त्यामुळे दोन बोटांच्या हालचालीत गाण्याचा सारा मुखडा उभा राहतो, आणि सांधे आखडलेल्या हातालाही ते जमते. बहुतेक बँडमध्ये सारे ड्रमच्या मागे जातात. स्टोन्समध्ये ड्रम रिचर्ड्स यांच्या गिटारच्या मागे जातो, असे त्यांच्या जवळच्यांनी वारंवार सांगितले आहे. फिल्ममध्ये हे प्रत्यक्ष दिसते. गाणे सुरू होताना वॉट्स यांची नजर रिचर्ड्स यांच्या उजव्या हातावर असते, गिटार एक केसभर आधी पडते आणि ड्रम तिला गाठतो. त्या केसभर अंतरातच या बँडचा डौल आहे, आणि तो कोणत्याही नकलाकाराला साधत नाही.

‘सेलिब्रेशन डे’मध्ये नजरांचा खेळ आणखी उघड आहे. एवढ्या मोठ्या मंचावर हे चौघे पुष्कळदा ड्रमच्या जवळ दाटीने उभे राहतात. गिटारवादक जिमी पेज आणि बासवादक जॉन पॉल जोन्स वळून जेसन बॉनमकडे पाहतात, आणि ४१ वर्षांचा मुलगा वडिलांच्या जागा जशाच्या तशा घेता घेता कोठे स्वतःची भर घालतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटते.

आता वयाविषयी. उतारवयातील गवयाची मैफल गडकरी रंगायतनमध्ये ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको की पट्टी उतरली म्हणून गाणे उतरत नाही. लेड झेपेलिनचे गायक रॉबर्ट प्लांट यांनी लंडनच्या त्या रात्री काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली गायली, आणि जेथे तरुणपणी ते किंचाळत वर जात, तेथे त्यांनी स्वर वळवून वेगळी वाट काढली. मूळ ध्वनिमुद्रण आधी ऐकलेले असल्यास ही वळणे नेमकी सापडतात. तरुणपणीचा उंच सूर लागला नाही म्हणून हळहळत बसण्यापेक्षा गायकाने त्या जागी काय ठेवले आहे ते ऐकावे. कधी तो ओळ गर्दीच्या स्वाधीन करतो, कधी सहगायिकेला पुढे करतो, कधी शब्द नुसता बोलतो, आणि यांपैकी कोणती युक्ती थकव्यातून आली आहे व कोणती जाणतेपणातून, हे ठरवण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे. सर्वच ज्येष्ठ बँड चांगले वाजवतात असे नाही. पडद्यावर थकवा दिसला तर तो थकवाच आहे असे म्हणायला कचरू नये.

‘शाइन अ लाइट’मधील एक प्रसंग या सगळ्यासाठी पुनःपुन्हा पाहण्याजोगा आहे. शिकागोचे ब्लूज गायक-गिटारवादक बडी गाय, तेव्हा ७० वर्षांचे, पाहुणे म्हणून मंचावर येतात आणि ब्लूजचे जुने गायक मडी वॉटर्स यांचे गाणे होते. मडी वॉटर्स यांच्याच एका गाण्यावरून या बँडने १९६२ मध्ये आपले नाव घेतले होते. बडी गाय यांच्यापुढे साठीतले स्टोन्स पुन्हा विद्यार्थी होतात. जॅगर यांचे नाचणे थांबते, ते हार्मोनिका तोंडाला लावतात, आणि कॅमेरा बडी गाय यांच्या चेहऱ्यावरून हलण्याची घाई करत नाही. गाणे संपल्यावर रिचर्ड्स आपल्या हातातली गिटार त्यांना देऊन टाकतात.

कॅमेरा न हलणे हाही पाहण्याचा विषय आहे. कॉन्सर्ट फिल्मची प्रत संकलनावरून चटकन ओळखता येते. गिटारची तान सुरू होताना चित्र त्या बोटांवर असते का, की तान अर्धी संपल्यावर तेथे पोहोचते? एक चित्र किती काळ टिकते? दर दोन सेकंदांना चित्र बदलत असेल आणि मधूनमधून नाचणारे प्रेक्षक दाखवले जात असतील, तर संकलकाचा संगीतावर पुरेसा विश्वास नाही असे मी मानतो. अनेक फिल्म दोन रात्रींचे चित्रीकरण जोडून केलेल्या असतात आणि काहींमध्ये चुकलेल्या जागा नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेल्या असतात. त्यात फसवणूक नाही, पण ‘हे सारे एका दमात घडले’ असे गृहीत धरू नये. पिंक फ्लॉइडच्या पाँपेई फिल्ममधील काही भाग तर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाला आहे.

दुसऱ्यांदा पाहताना

पहिल्यांदा फिल्म अखंड, न थांबवता पाहावी. ज्येष्ठ बँड दोन तासांची गाणी ज्या क्रमाने रचतो त्यात त्यांच्या दमाचा हिशेब असतो. दोन वेगवान गाण्यांनंतर एक संथ गाणे येते, मध्येच दुसरा सदस्य गातो आणि मुख्य गायकाला श्वास मिळतो. ‘शाइन अ लाइट’मध्ये रिचर्ड्स स्वतः गायला उभे राहतात तो भाग असाच आहे. आवडीची गाणी निवडून पाहणाऱ्याला हा हिशेब दिसत नाही.

दुसऱ्या वेळी मात्र फिल्मचे तुकडे करावेत. एक गाणे घ्यावे, टीव्हीचा पडदा झाकून ते नुसते ऐकावे आणि बास गिटार काय करते एवढेच धरून ठेवावे. तेच गाणे पुन्हा लावून फक्त ड्रमवादक पाहावा. तिसऱ्यांदा फक्त ज्याच्यावर प्रकाशझोत नाही तो वादक पाहावा. घरात कोणी काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून, ते २०१६ मध्ये बंद होण्याआधी, कॅसेट आणून ही गाणी ऐकलेले असेल तर त्यांना शेजारी बसवावे, फिल्म चालू असताना काही विचारू नये आणि संपल्यावर मूळ गाणे कोठे बदलले ते त्यांच्याकडून ऐकावे. मग ती कॅसेट किंवा तेच गाणे मोबाइलवर लावून दोघांनी मिळून ती जागा शोधावी, आणि पुढच्या सुट्टीच्या दुपारी ‘सेलिब्रेशन डे’ लावावी.